‘उठाव’ हा शब्द कसा वाचावा आणि कसा वापरावा: नव्याने मराठी लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मराठी वृत्तपत्राच्या एकाच अंकात ‘उठाव’ हा शब्द चार ठिकाणी चार निरनिराळ्या अर्थांनी येऊ शकतो. पहिल्या पानावर परदेशातील लष्करी उठावाची बातमी असते, बाजारभावांच्या स्तंभात हळदीला उठाव नसल्याची नोंद असते, शहराच्या पानावर कचरा उठाव वेळेवर होत नसल्याची नागरिकांची तक्रार असते आणि पुरवणीत गडद काठांमुळे साडीला उठाव कसा येतो याचे वर्णन असते. लहानपणापासून मराठी ऐकत आलेल्या वाचकाला यात काही अडचण जाणवत नाही. परंतु मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणारे, महाराष्ट्राबाहेर वाढल्यामुळे घरात मराठी बोलणारे पण लिहिण्याची सवय नसलेले, आणि बातम्यांचे भाषांतर किंवा मुद्रितशोधन नव्याने हाती घेतलेले लोक येथे हमखास अडखळतात.

शब्दकोशात हे अर्थ क्रमांक देऊन एकाखाली एक मांडलेले सापडतात, पण समोरच्या वाक्यात त्यांतला कोणता घ्यायचा हे कोश सांगू शकत नाही. ते वाक्यच सांगते. ‘उठाव’च्या आधीच्या शब्दाला कोणता प्रत्यय लागला आहे आणि ‘उठाव’च्या नंतर कोणते क्रियापद आले आहे, या दोन गोष्टी पाहण्याची सवय लावून घेतली तर बहुतेक वाक्यांचा अर्थ नि:संदिग्धपणे उलगडतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. पहिल्या तीन पायऱ्या सर्वांनी वाचाव्यात, त्यानंतरच्या ज्याला ज्या क्षेत्रात लिहायचे आहे त्याप्रमाणे आधी-नंतर वाचल्या तरी चालतील.

पायरी पहिली: धातूकडे जा

‘उठाव’ हे ‘उठणे’ या क्रियापदापासून झालेले नाम आहे. ‘उठणे’चे मूळ संस्कृतातील ‘उत्’ हा उपसर्ग आणि ‘स्था’ हा धातू यांच्या जोडणीत आहे. ‘उत्थान’ हा तत्सम शब्दही तेथूनच आला. ठरणेवरून ठराव, जमणेवरून जमाव, टिकणेवरून टिकाव, भरणेवरून भराव, घेरणेवरून घेराव, त्याच रीतीने उठणेवरून उठाव. (‘लिलाव’ मात्र या पंगतीत बसवू नये. तो दिसायला असाच असला तरी पोर्तुगिजांकडून मराठीत आलेला आहे.)

धातू लक्षात ठेवण्याचा उपयोग असा की, वरवर असंबद्ध वाटणाऱ्या सर्व अर्थांच्या तळाशी एकच चित्र आहे हे दिसू लागते. एक सपाट पातळी असते आणि त्या पातळीवरून काहीतरी वर येते. दबून राहिलेली माणसे वर येतात तेव्हा तो सत्तेविरुद्धचा उठाव असतो. बाजाराच्या आवारात पडून असलेला माल उचलला जातो तेव्हा तो मालाचा उठाव असतो. दगडाच्या पृष्ठभागापेक्षा आकृती पुढे येते तेव्हा तो शिल्पातला उठाव असतो, आणि एका रंगाच्या जमिनीवर दुसरा रंग डोळ्यांपुढे येतो तेव्हा त्या रंगाला उठाव आला असे आपण म्हणतो. म्हणून अनोळखी वाक्य समोर आले की प्रथम स्वतःला विचारावे: येथे पातळी कोणती आहे, आणि तिच्यावरून वर काय आले आहे?

पायरी दुसरी: व्याकरणाची घडी बसवा

हा शब्द पुल्लिंगी आहे. मोठा उठाव झाला, चांगला उठाव आहे, असे म्हणावे. अनेकवचनात मूळ रूप बदलत नाही: एक उठाव झाला, अनेक उठाव झाले. विभक्तिप्रत्यय लागताना मात्र शेवटचा ‘व’ दीर्घ होतो, म्हणजे उठावाला, उठावात, उठावाने, उठावाचा. अनेकवचनात अनुस्वार येऊन उठावांना, उठावांत, उठावांचा. नवशिक्यांच्या लेखनात ‘उठावचा इतिहास’ असे रूप पुष्कळदा दिसते. ते चुकीचे आहे. ‘उठावाचा इतिहास’ असे हवे.

पायरी तिसरी: मागचा प्रत्यय आणि पुढचे क्रियापद तपासा

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून येथे थोडे थांबावे.

‘उठाव करणे’ म्हटले की अर्थ बंडाचा होतो. उठाव करणारा नेहमी माणसांचा समूह असतो आणि तो कोणाविरुद्ध तरी असतो. म्हणून ‘विरुद्ध’, ‘विरोधात’ हे शब्द आसपास सापडतात. ‘सैनिकांनी सरकारविरुद्ध उठाव केला’ या वाक्यात दुसरा अर्थ शक्यच नाही. उठाव दडपणे, उठाव मोडून काढणे, उठाव फसणे, उठावाचे लोण पसरणे, उठावाचा बीमोड करणे हे वाक्प्रयोगही याच अर्थाचे आहेत.

‘-ला उठाव असणे’, ‘-ला उठाव मिळणे’, ‘-ला उठाव नसणे’ हा बाजाराचा प्रयोग आहे. येथे आधीचा शब्द मालाचे नाव असतो: कांद्याला उठाव आहे, गुळाला उठाव मिळाला नाही, सणाच्या तोंडावर फुलांना चांगला उठाव होता. वाढणे आणि मंदावणे ही क्रियापदेही येथे चालतात.

‘-ला उठाव येणे’ आणि ‘-ला उठाव देणे’ हा रूपाचा, रंगाचा, गुणाचा प्रयोग आहे. चौकटीमुळे चित्राला उठाव येतो, किंचित मिठाने गोड पदार्थाच्या चवीला उठाव येतो, तबल्याच्या साथीने गाण्याला उठाव दिला. ‘येणे’ वापरले की परिणाम आपोआप घडल्यासारखा वाटतो आणि ‘देणे’ वापरले की तो कोणीतरी हेतुपूर्वक घडवला असे सूचित होते. हा फरक बारीक आहे, पण समीक्षा लिहिणाऱ्याने तो सांभाळावा.

‘-चा उठाव’ हा षष्ठीचा प्रयोग सर्वांत फसवा आहे. ‘शेतकऱ्यांचा उठाव’ म्हणजे शेतकऱ्यांनी केलेले बंड; ‘शेतमालाचा उठाव’ म्हणजे शेतमालाची उचल; ‘मूर्तीचा उठाव’ म्हणजे मूर्ती पार्श्वभूमीपासून किती पुढे आलेली आहे ते. तिन्हींत व्याकरणाची चौकट एकच आहे. अशा वेळी षष्ठीतले नाम माणसांचे आहे, मालाचे आहे की आकाराचे आहे एवढेच पाहावे. प्रत्यय गाळून नुसता समास केलेला असेल तरी हीच कसोटी लावावी. ‘लष्करी उठाव’ आणि ‘कचरा उठाव’ हे शब्द दिसायला एका घडणीचे असले तरी पहिल्यात लष्कर उठते आणि दुसऱ्यात कचरा उचलला जातो.

पायरी चौथी: बंडाच्या अर्थाने लिहिताना शब्दाचे वजन ओळखा

इतिहास आणि राजकारण यांवर लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे की, ‘उठाव’, ‘बंड’, ‘दंगा’, ‘क्रांती’ हे शब्द एकमेकांच्या जागी सहज ठेवता येत नाहीत. मे १८५७ मध्ये मीरतहून सुरू झालेल्या संघर्षाला मराठीत ‘शिपायांचे बंड’, ‘अठराशे सत्तावनचा उठाव’ आणि ‘स्वातंत्र्यसमर’ अशी तिन्ही नावे मिळाली आहेत. प्रत्येक नावात लिहिणाऱ्याची भूमिका आहे. ‘बंड’ म्हटले की विद्यमान सत्ता मोडू पाहणारी कृती डोळ्यांपुढे येते आणि शब्दाचा रोख सत्तेच्या बाजूने राहतो. ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले की लढणाऱ्यांचा हेतू निर्विवादपणे मान्य केलेला असतो. ‘उठाव’ या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्यात लढणाऱ्यांविषयी सहानुभूती आहे, निदान त्यांच्याकडे काही कारण होते याची दखल आहे, परंतु हेतूविषयी अंतिम निर्णय नाही. म्हणूनच पाठ्यपुस्तकांना आणि संयत इतिहासलेखनाला तो सोयीचा ठरतो, आणि माझ्या मते नव्या लेखकानेही शंका असेल तेथे तोच निवडावा.

महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या इतिहासात या शब्दाला भरपूर काम पडते. पुण्याच्या परिसरात रामोश्यांचा उठाव उभा करणारे उमाजी नाईक यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आली. कोल्हापूर संस्थानात १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड येथील गडकऱ्यांनी उठाव केला. गोव्यात सत्तरी भागातील राणे घराण्याने पोर्तुगीज सत्तेविरुद्ध वारंवार शस्त्र उचलले. १८५२ मधील दीपाजी राणे यांचा उठाव त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. वासुदेव बळवंत फडके यांचा सशस्त्र उठाव १८७९चा. त्यांचा मृत्यू एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये झाला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदल केंद्रावर सुरू झालेल्या घटनेला काही लेखक ‘नाविकांचे बंड’ म्हणतात, तर काही ‘नौदलाचा उठाव’. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे: माणसे अनेक आहेत आणि ती एका सत्तेविरुद्ध एकत्र उभी राहिली आहेत.

याउलट मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली, आणि तेथून जे आजूबाजूच्या गावांत पसरले, त्याला मराठीत ‘दख्खनचे दंगे’ हे नाव रूढ झाले. येथे शेतकऱ्यांचा रोख राज्यसत्तेपेक्षा सावकारी कागदांवर होता हे त्या नावाचे एक कारण मानता येईल. पण हे नाव सरकारी दप्तराच्या दृष्टीतूनही आलेले आहे, हे विसरता येत नाही. त्यामुळे आज अनेक अभ्यासक त्याच घटनेला ‘शेतकऱ्यांचा उठाव’ म्हणणे पसंत करतात. आपण कोणता शब्द घेतो त्यावरून वाचक आपली बाजू ओळखतो, म्हणून असा शब्द सवयीने लिहून जाऊ नये, निवडून लिहावा.

शब्दांमधला हा फरक केवळ अभ्यासकांपुरता नाही, याचा दाखला अलीकडचाच आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा एका बाजूने त्या कृतीला ‘बंड’ आणि त्याहूनही कठोर शब्द वापरले, तर बाहेर पडलेल्या बाजूने आपण बंड केले नसून उठाव केला आहे, असे आवर्जून सांगितले. दोन्ही बाजूंना मराठी उत्तम येत होती. ‘बंडा’त निष्ठा मोडल्याचा आरोप आहे आणि ‘उठावा’त अन्याय सोसेनासा झाल्याचा दावा आहे, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. अशा प्रसंगी बातमी लिहिणाऱ्याने एखादा शब्द स्वतःच्या तोंडी घेण्यापूर्वी तो कोणाचा आहे हे पाहावे, आणि गरज पडल्यास तो अवतरणचिन्हांत ठेवून ज्याचा त्याच्या नावावर मांडावा.

आणखी दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. एकटा माणूस बंड करू शकतो, उठाव करू शकत नाही. ‘तिने घरच्या रूढींविरुद्ध बंड केले’ हे स्वाभाविक मराठी आहे. ‘तिने घरच्या रूढींविरुद्ध उठाव केला’ हे कानाला खटकते. तसेच पक्षाने उमेदवारी नाकारल्यावर अपक्ष उभा राहणाऱ्याच्या कृतीला ‘बंडखोरी’ म्हणतात. करणारा दाखवण्यासाठी ‘बंडखोर’ हा शब्द तयार आहे, तसा ‘उठाव’पासून रोजच्या बोलण्यातला शब्द तयार झालेला नाही; ‘उठावकर्ते’ हा शब्द ग्रंथांत चालतो, पण बातमीत ‘उठावात सामील झालेले सैनिक’ असे सरळ लिहिणे बरे. परदेशातील सत्तांतराच्या बातम्यांत, जसे तुर्कस्तानात जुलै २०१६ मध्ये किंवा म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये घडले, ‘लष्करी उठाव’ हा प्रयोग आता रुळला आहे. तेथे सत्ता लष्कराच्या हाती गेली असेल तर ‘लष्कराने सत्ता हस्तगत केली’ हेही पुढच्या वाक्यात स्पष्ट करावे, कारण उठाव झाला एवढ्याने तो यशस्वी झाला की फसला हे कळत नाही. तुर्कस्तानातला फसला होता आणि म्यानमारमधला यशस्वी झाला होता.

पायरी पाचवी: बाजारातला उठाव

बाजार समितीच्या आवारात रोज ऐकू येणारे चार शब्द प्रथम वेगळे करून घ्यावेत. आवारात माल येतो ती ‘आवक’. तो विकत घेण्याची इच्छा आणि गरज ती ‘मागणी’. तो ज्या दराने जातो तो ‘भाव’. आणि तो प्रत्यक्ष उचलला जाऊन आवारातून बाहेर पडतो तो ‘उठाव’. मागणी आणि उठाव हे शब्द समानार्थी समजून वापरले जातात, पण जाणकार व्यापारी त्यांत भेद करतो. बाहेरच्या राज्यांतून मागणी असली तरी पावसामुळे रस्ते बंद झाले, गाड्या मिळाल्या नाहीत किंवा निर्यातीवर बंदी आली तर उठाव होत नाही, आणि माल पडून राहिल्यावर भाव उतरू लागतो. लासलगावच्या कांद्याविषयी किंवा सांगलीच्या हळदीविषयी लिहिताना हा क्रम नीट मांडला तर बातमीत केवळ भावाचा आकडा न राहता त्यामागचे कारणही येते. नमुन्यादाखल एक वाक्य देतो: ‘आवक वाढली, परंतु दक्षिणेकडील राज्यांतून उठाव नसल्याने दर खाली आले.’ एवढ्या एका वाक्यात तीन शब्द आपापल्या जागी बसलेले आहेत.

किरकोळ दुकानदारीत मात्र ‘खप’ हा शब्द अधिक योग्य आहे. बिस्किटांचा खप होतो; पोत्यांनी, ढिगांनी, गाड्यांनी जाणाऱ्या मालाचा उठाव होतो. शिधावाटपाच्या धान्यासंबंधी ‘उचल’ म्हणण्याची पद्धत आहे, जसे दुकानदारांनी धान्याची उचल केली नाही. साखर कारखान्यांच्या बातम्यांत ‘उचल’ला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे उसाच्या दरापोटी शेतकऱ्याला मिळणारी पहिली रक्कम, तेथे ‘पहिला उठाव’ असे लिहिले तर शेतकरी वाचक गोंधळेल.

‘कचरा उठाव’ हा प्रयोग कोल्हापूर, सांगली या बाजूला महापालिकेच्या कारभाराचा नित्याचा शब्द आहे. ‘प्रभागात चार दिवस कचरा उठाव नाही’ असे तेथील वाचक सहज वाचतो. राज्याच्या इतर भागांतला वाचक ‘कचरा उचलणे’ किंवा ‘कचरा संकलन’ अशा शब्दांना अधिक सरावलेला असतो. स्थानिक वाचकासाठी लिहिताना हा शब्द बदलू नये. मुद्रितशोधकाने ती चूक समजून खोडून टाकणे हा त्या भागातल्या भाषेवर अन्याय आहे. सर्व राज्यासाठी लिहायचे असेल तर मात्र ‘कचरा उचलला जात नाही’ असे लिहावे.

शिक्षणक्षेत्रात याच शब्दाचा एक सुंदर उपयोग आढळतो आणि तो बाहेरच्या लोकांना फारसा ठाऊक नसतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात तो गावकरी, पालक, माजी विद्यार्थी यांच्या वर्गणीतून आणि वस्तुरूप देणग्यांतून शाळेची उभारणी करण्याचा उपक्रम असतो. ‘शैक्षणिक उठावातून शाळेला संगणक मिळाले’ या वाक्यात कोणी कोणाविरुद्ध उभे राहिलेले नाही. गावाने आपली शाळा हातभार लावून वर आणली आहे. भाषांतर करणाऱ्याने येथे विशेष सांभाळावे, कारण परक्या भाषेत याला ‘शिक्षणातले बंड’ असे रूप दिले तर शिक्षकांच्या साध्या, प्रामाणिक कामाचा अर्थच पालटून जातो.

पायरी सहावी: शिल्प, रंग आणि रूप

शिल्पकलेत ‘उठाव’ ही मोजता येण्यासारखी गोष्ट आहे. आकृती पार्श्वभूमीच्या दगडापासून किती पुढे आली आहे त्यावरून ती कमी उठावाची की अधिक उठावाची हे ठरते. वेरूळच्या सोळाव्या लेण्यात रावण कैलास हलवत असल्याचे जे शिल्प आहे, त्यातला रावण दगडापासून इतका सुटा झाला आहे की तो जवळजवळ स्वतंत्र मूर्ती वाटतो. हे अधिक उठावाचे उदाहरण. गावोगावच्या वेशीवर, देवळांच्या आवारात उभे असलेले वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, बहुधा कमी उठावाचे असतात. त्यांत एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात. खालच्या चौकटीत लढाई आणि वीराचा मृत्यू, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा असा त्यांचा सर्वसाधारण क्रम असतो. शेकडो वर्षांच्या ऊन-पावसाने हा कमी उठाव झिजून जातो आणि आकृती ओळखू येईनाशा होतात. वीरगळाची नोंद करणाऱ्या नव्या अभ्यासकाने म्हणूनच तो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावा. उंचवट्यांच्या सावल्या पडल्या की माध्यान्ही सपाट भासणारा दगड वाचता येतो.

लिहिताना ‘उठावशिल्प’ हा जोडशब्द सर्वसामान्य वाचकासाठी पुरेसा आहे. शास्त्रीय लेखनात ‘उत्थित शिल्प’ ही संज्ञाही आढळते. एका लेखात दोन्ही मिसळू नयेत. भूगोलात जमिनीच्या उंचसखलपणासाठी ‘भूउठाव’ म्हणतात. ब्रेल लिपीतील अक्षरे सहा ठिपक्यांच्या मांडणीतून घडतात आणि ते ठिपके उठावाचे असतात, म्हणजे कागदाच्या पातळीपेक्षा वर आलेले असतात, म्हणूनच बोटाला कळतात. लग्नपत्रिकेवरच्या फुगीर अक्षरांनाही उठावाची अक्षरे म्हणतात.

रंगात आणि रूपात पृष्ठभागापेक्षा काहीही प्रत्यक्ष वर आलेले नसते. वर येण्याचा भास होतो. गेरूने सारवलेल्या जमिनीवर पांढरी रांगोळी उठून दिसते, तीच रांगोळी पांढऱ्या फरशीवर हरवते. म्हणजे उठाव हा रंगाचा एकट्याचा गुण नसून दोन रंगांच्या शेजाराचा गुण आहे. वर्णन लिहिताना हे विसरले जाते. ‘निळा रंग उठून दिसत होता’ एवढेच लिहिले तर वाचकाला काही दिसत नाही. कशावर उठून दिसत होता हे लिहावे.

संगीतातही हा शब्द आहे. रागाच्या परिचयात आरोह, अवरोह आणि पकड यांच्या जोडीला जेव्हा ‘उठाव’ दिलेला असतो, तेव्हा राग कोणत्या स्वरसमूहाने सुरू करावा एवढेच त्यात सांगायचे असते. ‘गाण्याला उठाव आला’ हा प्रयोग वेगळा, आणि तो तिसऱ्या पायरीत सांगितल्याप्रमाणे ‘-ला’ आणि ‘येणे’ यांवरून ओळखू येतो.

पायरी सातवी: नात्यातले आणि शेजारचे शब्द

‘उठावदार’ हे विशेषण अविकारी आहे. उठावदार रंग, उठावदार नक्षी, उठावदार चेहरे, कोठेही रूप बदलत नाही. ते चांगल्या अर्थाचे आहे. जे डोळ्यांवर आदळते आणि नकोसे होते त्याला ‘भडक’ म्हणावे. ‘ठळक’ या शब्दात स्पष्टतेवर भर आहे, सौंदर्यावर नाही: ठळक अक्षरे, ठळक बातम्या, ठळक फरक. ‘ठसठशीत’मध्ये आकाराचा आणि रेखीवपणाचा भाग आहे, म्हणून ते कुंकवाला, अक्षराला, दागिन्याला शोभते. ‘डोळ्यांत भरणे’ हे पसंतीचे लक्षण आहे, तर ‘डोळ्यांत खुपणे’ हे असूयेचे किंवा नापसंतीचे. दोन्हींत डोळे असल्यामुळे शिकणाऱ्याची गल्लत होते.

माणसाविषयी लिहिताना ‘ती सर्व उमेदवारांत उठून दिसली’ ही प्रशंसा आहे. ‘ती सर्वांत वेगळी पडली’ म्हटले तर ती एकटी राहिली असा अर्थ होतो. ‘वेगळी दिसली’ हे तटस्थ आहे. शिफारसपत्र लिहिणाऱ्याने हा भेद फार जपावा, कारण तेथे एका क्रियापदाने एखाद्याचे नुकसान होऊ शकते. आणखी एक इशारा: ‘उठवळ’ हा शब्द ‘उठावदार’च्या जवळचा वाटतो, पण तो चंचल, स्वैर वागणुकीच्या माणसाला उद्देशून वापरला जाणारा अपमानकारक शब्द आहे. ‘उठाठेव’ म्हणजे नसती उचापत. या दोन्हींचा उठून दिसण्याशी काडीचाही संबंध नाही.

पायरी आठवी: सराव

खालील वाक्यांवर प्रत्यय, नाम आणि क्रियापद यांची कसोटी लावून पाहावी.

‘यंदा गुळाला उठाव चांगला आहे.’ ‘गूळ’ हे मालाचे नाव, ‘-ला’ प्रत्यय, ‘असणे’ क्रियापद, अर्थ बाजाराचा.

‘पडद्याच्या मागे लावलेल्या दिव्यांमुळे नेपथ्याला उठाव आला.’ ‘-ला’ प्रत्यय पुन्हा आहे, पण क्रियापद ‘येणे’ आहे आणि नाम विक्रीच्या मालाचे नाही, अर्थ रूपाचा.

‘गावाने केलेल्या शैक्षणिक उठावाची दखल घेण्यात आली.’ ‘करणे’ हे क्रियापद आहे आणि करणारा समूहही आहे, तरी बंडाचा अर्थ घेता येत नाही. ‘शैक्षणिक’ या विशेषणाने शब्द एका विशिष्ट उपक्रमाशी बांधला आहे. अशा ठरलेल्या जोड्या कसोटीला अपवाद असतात आणि त्या वाचनातूनच ओळखीच्या होतात.

‘मंडईत व्यापाऱ्यांचा उठाव.’ हे मथळा म्हणून लिहिलेले वाक्य आहे आणि त्यात क्रियापदच नाही. व्यापाऱ्यांनी बाजार समितीविरुद्ध एकजुटीने पाऊल उचलले, की व्यापाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर माल उचलला, हे मथळ्यावरून सांगता येत नाही. षष्ठीतले नाम माणसांचे असल्यामुळे पहिला अर्थ अधिक संभवतो, पण मंडईच्या संदर्भात दुसरा अर्थही वाचकाच्या मनात येणारच. येथे वाचणाऱ्याने बातमी पूर्ण वाचावी, आणि लिहिणाऱ्याने मथळा बदलावा: पहिला अर्थ हवा असेल तर ‘बाजार समितीविरुद्ध व्यापारी एकवटले’, दुसरा हवा असेल तर ‘मंडईत मालाला उठाव’.